चादरीचा कस आकड्यात मावत नाही

कावेरी तमिळनाडूच्या सपाटीवर आली की तिच्या आसपास कापडाची गावे लागत जातात. भवानीला जमक्काळम नावाच्या जाड, पट्ट्यापट्ट्यांच्या सतरंज्या विणल्या जातात. ईरोडजवळच्या चेन्निमलैच्या हातमागावरच्या चादरी राज्यभर विकल्या जातात. पुढे करूरहून चादरी, पडदे आणि टेबलावरची कापडे जहाजे भरून परदेशी जातात. त्याही पुढे, जिथे नदीला फाटे फुटतात, तिथे तंजावर आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 1855 पर्यंत इथे व्यंकोजीराजांचे आणि त्यांच्या वंशजांचे राज्य होते, म्हणून मराठी माणसाला हे शहर परके वाटत नाही. तंजावर जिल्हा आज चादरींसाठी ओळखला जात नाही. तिरुभुवनम आणि कुंभकोणमच्या बाजूचे माग प्रामुख्याने रेशमाचे आहेत. तरीही चांगली सुती चादर कशाला म्हणावे, हा प्रश्न तंजावरात उभे राहून विचारला तर उत्तर पूर्ण मिळते. कापसाचे शेत, उत्तम सुती कापडाचा इतिहास, दमट उकाड्यात झोपणारी माणसे आणि रंगाऱ्याच्या सांडपाण्याची झळ, या चारही गोष्टी या मुलखाच्या वाट्याला आलेल्या आहेत.

चादर घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकासमोर आज एकच माप ठेवले जाते, ते म्हणजे थ्रेड काउंट. पाकिटावर 144, 210, 300, 400 आणि कधी कधी थेट 1000 असा आकडा ठळक छापलेला असतो आणि किंमत त्या आकड्याच्या मागोमाग चढत जाते. जितका आकडा मोठा तितकी चादर चांगली, अशी समजूत त्यातून पक्की झाली आहे. ही समजूत अर्धवट आहे आणि अर्धवट असल्यामुळेच महाग पडते. चादरीचा कस चार ठिकाणी ठरतो: कापसाच्या तंतूत, सुतात, विणीत आणि विणून झाल्यावर कापडावर होणाऱ्या प्रक्रियेत. थ्रेड काउंट या चारांपैकी फक्त विणीबद्दल बोलतो, आणि तिच्याबद्दलही अपुरे बोलतो. सुताचा नंबर न सांगता थ्रेड काउंट सांगणे म्हणजे कॅरट न सांगता नुसते वजन सांगून सोने विकण्यासारखे आहे.

सुरुवात तंतूपासून करू. कापसाच्या बोंडातला एकेक तंतू किती लांब आहे, यावर पुढचे जवळपास सगळे अवलंबून असते. भारतात 27.5 ते 32 मिलिमीटरपर्यंतचा कापूस लांब धाग्याचा आणि 32.5 मिलिमीटरच्या पुढचा अतिलांब धाग्याचा मानला जातो. सुतात असे हजारो तंतू पिळून एकत्र धरलेले असतात. तंतू लांब असेल तर त्याची टोके कमी होतात, सुताबाहेर डोकावणारे केस कमी होतात आणि कमी पिळातही सूत मजबूत राहते. अशा सुताची चादर मऊ लागते, तिच्यावर गोळ्या येत नाहीत आणि ती अधिक धुण्यांना पुरते. तंतू आखूड असेल तर सूत टिकवायला पीळ जास्त द्यावा लागतो, त्यामुळे कापड खरखरीत होते, आणि काही धुण्यांनंतर सुटलेली टोके गुंतून कापडावर गोळ्या येतात. इजिप्शियन किंवा पिमा कापसाचे नाव मोठे आहे ते याच लांबीमुळे. या घराण्यातला एक कापूस तमिळनाडूचाच आहे. कोइंबतूरच्या संशोधन केंद्रात सुजाता आणि सेंट व्हिन्सेंट या दोन वाणांच्या संकरातून ‘सुविन’ तयार झाला आणि 1974 साली तो शेतकऱ्यांच्या हाती आला. जगातल्या सर्वांत लांब आणि तलम कापसांमध्ये त्याची गणना होते. मात्र पीक हाती यायला लागणारा दीर्घ काळ, किडीची भीती आणि उत्पन्नाची अनिश्चिती यांमुळे त्याची लागवड फार आक्रसली. उत्तम कापूस पिकवणाऱ्याला उत्तम भाव मिळाला नाही तर उत्तम कापूस टिकत नाही, एवढे यातून स्पष्ट होते.

तंजावरच्या खोऱ्यातही कापूस होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. भाताची कापणी झाली की जमिनीत उरलेल्या ओलीवर जानेवारी-फेब्रुवारीत कापूस पेरतात आणि उन्हाळा संपताना तो कुंभकोणम, पापनाशम भागातल्या नियंत्रित बाजारांत लिलावाला येतो. वेचणीच्या दिवसांत पाऊस पडला की बोंडे भिजतात, रुई पिवळट पडते, तंतू दुबळा होतो आणि भाव कोसळतो. म्हणजे एकाच वाणाचा कापूसही दोन वर्षे सारखा राहत नाही. ‘शंभर टक्के कापूस’ ही पाकिटावरची ओळ म्हणूनच फार थोडे सांगते. कापूस कोणता, किती लांब धाग्याचा, पक्का होऊन वेचलेला की भिजलेला, यांपैकी काहीच तिच्यात येत नाही. नावाजलेल्या कापसाचा शिक्कासुद्धा डोळे झाकून घेण्यासारखा नाही. 2016 साली अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीने एका मोठ्या भारतीय पुरवठादाराशी संबंध तोडले, कारण इजिप्शियन कापसाच्या म्हणून विकल्या गेलेल्या सुमारे साडेसात लाख चादरी आणि उशीचे अभ्रे त्या कापसाचे नव्हते. एवढ्या मोठ्या खरेदीदारालाही नुसत्या हाताच्या स्पर्शाने हा फरक कळला नव्हता, हे इथे ध्यानात घ्यायला हवे.

तंतूनंतर सूत. सूतगिरणीत रुई पिंजून तिचे पेळू होतात. साध्या, म्हणजे कार्डेड सुतासाठी तिथून सरळ कताईकडे जातात. कोम्ब्ड सुतासाठी मध्ये आणखी एक पायरी असते: बारीक दातांच्या फण्यांनी पेळू विंचरून आखूड तंतू काढून टाकतात. यात रुईच्या वजनाचा दहा-पंधरा टक्के भाग बाजूला पडतो, म्हणून कोम्ब्ड सूत महाग असते. पण ते गुळगुळीत आणि एकसारखे निघते. सुताची जाडी नंबराने सांगतात. एक पौंड सुतात 840 वारांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्या सुताचा नंबर. म्हणजे 20 नंबरचे सूत जाड, 40 नंबरचे मध्यम, 80 किंवा 100 नंबरचे तलम. दर्जाचा निम्मा निकाल इथेच लागतो. आखूड तंतूपासून 80 नंबरचे टिकाऊ सूत निघत नाही, त्यासाठी लांब तंतू लागतोच. म्हणून सुताचा नंबर आणि ते कोम्ब्ड आहे की नाही, या दोन गोष्टी कळल्या तर कापसाची पारखही बरीचशी आपोआप होते. पाकिटावर या दोन गोष्टी क्वचितच असतात.

आता विणीकडे वळू, कारण थ्रेड काउंटची सगळी गडबड इथे होते. एका चौरस इंचात उभे किती धागे आणि आडवे किती, यांची बेरीज म्हणजे थ्रेड काउंट. उभ्या ताण्याचे 110 आणि आडव्या बाण्याचे 90 असतील तर 200. इथपर्यंत हिशेब सरळ आहे. पण एका इंचात किती धागे मावतात याला मर्यादा आहे आणि ती सुताच्या जाडीने ठरते. 40 नंबरच्या सुताचे धागे एकमेकांना चिकटवून मांडले तर एका इंचात सुमारे 177 बसतात. प्रत्यक्षात धाग्यांना एकमेकांच्या खालून-वरून जायचे असते, त्यासाठी जागा सोडावी लागते, म्हणून साध्या विणीत त्याच्या निम्म्याहून थोडे अधिकच मावतात. त्यामुळे 40 नंबरच्या सुताची साधी चादर 200च्या आसपास भरते. 60 नंबरची थोडी अधिक. सॅटिन विणीत धागा चार धाग्यांवरून जाऊन पाचव्याखाली जातो, गुंतण्याच्या जागा कमी होतात, म्हणून तिथे 300 किंवा त्याहून जास्त धागे बसवता येतात. 100 नंबरच्या अतितलम सुतात आकडा आणखी वर जातो. पण 1000 धागे म्हणजे उभे आणि आडवे प्रत्येकी पाचशे. पाचशे धागे एका इंचात नुसते शेजारी शेजारी मांडायचे म्हटले तरी तीनशेच्या वरच्या नंबरचे सूत लागेल. बाजारातल्या चादरी असल्या सुताच्या नसतात. मग 1000 येतो कुठून? तो पदर मोजून येतो. समजा एका चौरस इंचात उभे 160 आणि आडवे 90 धागे आहेत, बेरीज 250. यातला प्रत्येक धागा चार पदरी आहे असे सांगून 250ला चाराने गुणले की झाले 1000. चार-पाच बारीक आडवे धागे एकाच वेळी, एकाच फटीतून सारायचे आणि प्रत्येक वेगळा मोजायचा, हीही त्यातलीच रीत.

दुपदरी किंवा तिपदरी सूत वापरण्यात काहीच वावगे नाही. पदर एकमेकांत पिळले की सूत बळकट होते. हातमागाच्या पुष्कळ चांगल्या चादरी दुपदरी सुताच्याच असतात. वावगी आहे ती मोजणी. कापडातले धागे मोजण्याच्या अमेरिकी प्रमाणपद्धतीत, तिचा क्रमांक एएसटीएम डी-3775, धागा कितीही पदरी असला तरी तो एकच मोजायचा असतो. 2005 साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अधिकाऱ्यांनीही तिथल्या वस्त्रोद्योग संघटनेला लेखी कळवले की पदर मोजून फुगवलेला आकडा ग्राहकाची दिशाभूल करू शकतो. तरीही तो आकडा बाजारातून गेला नाही, कारण गिऱ्हाईक आकड्याकडेच बघते. या फुगवलेल्या आकड्याचा चादरीवर परिणाम होतो तो उलटाच. अनेक पदरी जाड धाग्यांची घट्ट चादर जड होते, हवा खेळू देत नाही आणि धुतल्यावर वाळायला वेळ घेते. तंजावरसारख्या गावात, जिथे उन्हाळ्यात पारा 35 अंशांच्या पुढे असतो आणि हवेत दमटपणा असतो, तिथे महाग घेतलेली अशी चादर रात्री सर्वांत जास्त त्रास देते.

यावर एक आक्षेप येईल की आकडा इतका फसवा असेल तर तो सोडूनच का देऊ नये? पण दोष आकड्याचा नाही, तो कशाच्या आधाराशिवाय सांगितला जातो याचा आहे. या किनाऱ्याचा इतिहासच त्याची साक्ष देतो. कोरोमांडल किनाऱ्यावर सतराव्या-अठराव्या शतकात कापडाची प्रत पुंजमावरून ठरत असे. एक पुंजम म्हणजे ताण्याचे 120 धागे. ठरलेल्या पन्ह्यात जितके जास्त पुंजम, तितके कापड तलम आणि तितकी किंमत अधिक. समजा 30 पुंजमांचे कापड 45 इंच पन्ह्याचे असेल, तर ताण्याचे 3600 धागे, म्हणजे इंचाला 80. तोही एक प्रकारचा थ्रेड काउंटच होता. पण तो विश्वासार्ह होता, कारण पन्हा ठरलेला होता, धागा एकच मोजला जात होता, आणि ज्या सुतापासून ते कापड विणायचे ते सूत विणकर आणि व्यापारी दोघांच्याही डोळ्यांसमोर असे. त्या आकड्यामागे बाकीची माहिती उभी होती. आजच्या पाकिटावर आकडा आहे, त्याच्यामागची माहिती मात्र गायब आहे.

त्याच किनाऱ्यावरून त्या काळात युरोपला पलंगपोस जात असत. पांढऱ्या सुती कापडावर लेखणीने आणि मेणाने चित्र काढून, चाय नावाच्या मुळीचा लाल रंग चढवून केलेली ही पलंगावरची पांघरणे आज जगभरच्या संग्रहालयांत जपलेली आहेत. युरोपात त्यांची मागणी एवढी वाढली की फ्रान्सने 1686 साली आणि इंग्लंडने अठराव्या शतकाच्या आरंभी आपल्या विणकरांना वाचवायला रंगीत सुती कापडावर बंदी घातली. हीच विद्या तंजावरच्या भोसल्यांच्या आश्रयाने कोल्लिडम नदीच्या काठावरच्या कोडाली करुप्पूर गावी आणखी वर चढली. तिथे तलम सुतात सोन्याची जर विणून, त्यावर मेण आणि रंगबंधक द्रव्ये वापरून, राजघराण्यासाठी साड्या आणि मानाची वस्त्रे तयार होत. या दोन्ही कापडांचा इथे एवढाच संबंध की ती चारही टप्प्यांच्या कसोटीला उतरत होती. रंग चढवताना कापड अनेकदा भिजवले, उकळले, आपटून धुतले आणि उन्हात वाळवले जाई. सूत कच्चे असते तर कापड रंगाऱ्याच्या हातातच विरले असते. वीण विरळ असती तर रेघ फिसकटली असती. कातणाऱ्यापासून रंगाऱ्यापर्यंत एकाचे काम ढिले पडले की बाकीच्यांची मेहनत वाया जात असे. 1855 साली तंजावरचे राज्य खालसा झाले, आश्रय गेला आणि करुप्पूरचे विणकाम विझत गेले. पुढे त्या परंपरेतली चित्रकला जपणाऱ्या करुप्पूर कलमकारीला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळाले.

चौथा टप्पा विणून झाल्यानंतरचा. मागावरून उतरलेल्या कापडाला खळ असते, कारण खळीशिवाय ताण्याचे धागे मागाचा ताण सोसत नाहीत. ती खळ काढणे, वरचे केस जाळणे, कापड उकळून आणि शुभ्र करून घेणे, मग रंग देणे, या कामात चांगल्या विणीचे सोनेही होते आणि मातीही. जॉन मर्सर या इंग्रज रसायनतज्ज्ञाने 1844 साली कापसावर कॉस्टिक सोड्याची क्रिया करून पाहिली. त्यातून पुढे मर्सरायझेशन आले, ज्यामुळे सुताला चमक येते, बळ वाढते आणि रंग चांगला धरतो. कापड आधीच आवळून ठेवण्याची सॅन्फोरायझेशनची प्रक्रिया 1930च्या सुमारास आली, त्यामुळे घरी धुतल्यावर चादर आखडत नाही. या प्रक्रियांना खर्च येतो आणि त्या नीट केल्या की वर्षानुवर्षे दिसतात. याउलट खळ ठेवून किंवा सिलिकॉनचा मऊपणा चढवून दुकानातल्या स्पर्शापुरते कापड सजवता येते. ही युक्ती जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानात पाठवायच्या कापडाला चिनी मातीची खळ भरून वजनदार करत आणि ते कापड ओलाव्याने बुरसत असल्याच्या तक्रारी होत. आजची खळ वेगळी असेल, पण दोन-चार धुण्यांनंतर कापड पातळ, गबाळे आणि ओबडधोबड होण्याचा अनुभव तोच आहे. सुरकुत्या पडू नयेत म्हणून जी राळेची प्रक्रिया करतात, तीही कापसाचे बळ घटवते. इस्त्री वाचते, पण चादर लवकर फाटते.

रंगाचा प्रश्न तंजावरसाठी घरातल्या पलंगापुरता नाही. तिरुप्पूरच्या रंगकारखान्यांचे सांडपाणी नोय्यल नदीत जात राहिले आणि नोय्यल पुढे कावेरीला मिळते. नोय्यलवरच्या ओरत्तुपाळैयम धरणाच्या परिसरातल्या शेतकऱ्यांची जमीन आणि विहिरी त्या पाण्याने खराब झाल्या. अखेर जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले रंगकारखाने बंद करायला लावले, आणि सांडपाणी बाहेर न सोडता शुद्ध करून पुन्हा वापरण्याची अट पाळल्यावरच काम करू देण्याची भूमिका घेतली. कापडाच्या रंगाची किंमत दुकानातल्या पाकिटावर कमी दिसत असेल, तर तिचा उरलेला भाग नदीकाठच्या शेतकऱ्याने भरलेला असू शकतो. तंजावर कावेरीच्या शेपटाला आहे. वर जे सोडले जाते ते खाली येते. जो रंग कापडात घट्ट बसत नाही तो मोठ्या प्रमाणात पाण्यात जातो, आणि घरी पहिल्या धुण्यात सुटणारा रंगही त्याच निष्काळजीपणाची खूण असतो. पक्का रंग ही म्हणून चादरीच्या गुणवत्तेचीच अट आहे, तिला जोडलेला वेगळा सद्गुण नाही.

इथे दुसरा आक्षेप उभा राहतो. इतके सगळे बघायचे असेल तर सरळ हातमागाची चादर घ्यावी, ती चांगलीच असणार. हातमागाला मदत होणे गरजेचे आहे आणि त्यासाठी राज्याने केलेली कामे मोलाची आहेत. तमिळनाडूत 1935 साली स्थापन झालेली को-ऑप्टेक्स ही विणकरांची सहकारी संस्था हातमागाचे कापड गावोगावच्या दुकानांतून विकते. केंद्राच्या 1985च्या कायद्याने काही वस्तू हातमागासाठी राखून ठेवल्या, त्यांत ठरावीक प्रकारच्या चादरी आणि पलंगपोसही आहेत. हँडलूम मार्क 2006 साली आला, तो कापड हातमागावरच विणल्याची खूण देतो. पण ही खूण कापडाचा उगम सांगते, कस नव्हे. जाड सुताच्या, दुपदरी, थोड्या मोकळ्या विणीच्या हातमागी चादरी उकाड्यात उत्तम, घाम शोषणाऱ्या आणि धुवायला सोप्या असतात, म्हणून दक्षिणेत त्या इतक्या वापरात आहेत. परंतु हातमागावरही हलके सूत वापरता येते आणि कच्चा रंग देता येतो; यंत्रमागावरही लांब धाग्याच्या कोम्ब्ड सुताची उत्तम चादर विणता येते. सोलापुरी चादर आपल्याला जवळची. ती मोठ्या नंबराच्या सुताची नाही, धाग्यांची संख्या मोजली तर आधुनिक पाकिटावरच्या आकड्यांपुढे ती मागे पडेल. तरी तिचे भौगोलिक मानांकन आणि घराघरांत टिकलेली तिची आयुष्ये सांगतात की जाड, मजबूत, पक्क्या रंगाचे सूत आपल्या कामात सर्वोत्तम ठरू शकते. चादर कशासाठी हवी, हे ठरवल्याशिवाय ‘उत्तम’ हा शब्द वापरताच येत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. पॉलिएस्टर मिसळलेली चादर स्वस्त असते, लवकर वाळते, सुरकुतत नाही आणि वर्षे काढते. ज्या घरात पैसे मोजून खर्च होतात, तिथे शुद्ध कापसाचा आग्रह कशासाठी? याचे उत्तर शरीराला विचारावे लागते. सर्वसाधारण हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे 7 ते 8 टक्के ओलावा धरतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. घामाच्या रात्री हा फरक त्वचेला कळतो. तरीही ज्यांना मिश्र चादरच परवडते त्यांनी ती घ्यावी, फक्त ती मिश्र आहे हे कळून घ्यावी. इथे खरा अन्याय होतो तो गरिबाला. त्याच्याकडे एकच चादर घेण्याची ऐपत असते आणि ‘कॉटन’ असा मोठा शब्द छापून त्याला मिश्र किंवा वर्षभरात विरणारे आखूड धाग्याचे कापड दिले जाते. वर्षाकाठी दोन चादरी घेणारा गरीब पाच वर्षे टिकणाऱ्या एका चादरीपेक्षा जास्त खर्च करून बसतो. दर्जाची माहिती मिळणे ही चैन नाही. ज्याला चुकीची खरेदी परवडत नाही, त्याची ती पहिली गरज आहे.

शेवटचा आक्षेप असा की सामान्य गिऱ्हाइकाला तंतूची लांबी आणि सुताचा नंबर कसा कळणार? सगळे कळणार नाही, पण बरेच कळू शकते. चादर उजेडासमोर धरली की वीण दिसते. प्रकाश सगळीकडे सारखा यायला हवा. मध्येच पट्टे, जाड-बारीक धागे किंवा विरळ जागा दिसल्या तर सूत किंवा विणकाम कच्चे आहे. कडेचा एक धागा ओढून घेतला आणि हलक्या हाताने उलगडला की तो एकेरी आहे की अनेक पदरी, हे लगेच दिसते. पीळ पूर्ण सोडून हळू ओढला तर त्यातल्या तंतूंची लांबीही डोळ्यांना जाणवते. कापड दोन्ही हातांनी चुरगळून सोडले आणि पांढरी भुकटी हाताला लागली तर खळ भरलेली आहे. ओल्या पांढऱ्या रुमालाने रंगीत चादरीचा कोपरा घासला आणि रंग उतरला, तर तो पुढेही उतरणार. पाण्याचा एक थेंब टाकला आणि तो पटकन शोषला गेला, तर कापड नीट उकळलेले आहे; थेंब बराच वेळ तसाच बसून राहिला तर वर मेणाचा किंवा सिलिकॉनचा थर आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठे करून अर्ध्या इंचातले धागे मोजताही येतात. या परीक्षा दुकानदाराला आवडणार नाहीत, पण धागा काढून पाहू देणारे दुकान असेल तर ते पहिल्या पसंतीचे समजावे. तंजावरसारख्या उकाड्याच्या गावात झोपायला साध्या विणीची, 40 ते 60 नंबरच्या कोम्ब्ड सुताची, 180 ते 250च्या दरम्यान खऱ्या मोजणीची चादर बहुतेक घरांना पुरेशी आहे. थंड प्रदेशात, किंवा गुळगुळीत स्पर्श आवडणाऱ्यांना, 300च्या आसपासची सॅटिन चांगली. त्यापुढच्या आकड्यांसाठी जास्त पैसे द्यायचे, तर त्या बदल्यात काय मिळते हे विचारून द्यावे.

आणि विचारण्याची जबाबदारी नुसती गिऱ्हाइकावर टाकून भागणार नाही. डाळ, तेल, दूध यांच्या पाकिटावर आपण घटक आणि वजन मागून घेतले, ते कुणी आपण होऊन दिले नव्हते. चादरीच्या पाकिटावर पाच गोष्टी छापणे अवघड नाही: तंतू कोणता आणि मिसळ असेल तर किती टक्के, सुताचा नंबर, सूत कोम्ब्ड की कार्डेड, पदर किती, आणि पदर न मोजता काढलेला खरा थ्रेड काउंट. गिरण्यांकडे ही माहिती कापड विणण्याआधीच असते, कारण तिच्याशिवाय विणता येत नाही. ती ग्राहकापर्यंत पोचवणे ग्राहक संघटनांनी, व्यापाऱ्यांनी आणि सरकारने आवश्यक करावे. तोपर्यंत दुकानात गेल्यावर प्रत्येकाने एवढे जरी विचारले की सुताचा नंबर काय आणि धागा एकेरी की दुपदरी, तरी हळूहळू पाकिटांवरची भाषा बदलेल. ज्या प्रश्नाचे उत्तर शंभर गिऱ्हाइके मागतात, ते उत्तर छापणे दुकानदारालाच सोयीचे वाटू लागते.